पाड्यावरून हृदयशस्त्रक्रियेला जाताना: तयारी, क्रम आणि परतीचा बंदोबस्त

धडगाव, मोखाडा, धारणी किंवा भामरागडकडच्या रुग्णाची हृदयशस्त्रक्रिया रखडते किंवा वाया जाते, तेव्हा त्याची कारणे बहुतेक वेळा शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरची असतात. शिधापत्रिकेत बाळाचे नाव नसते, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालेली नसते, दाढ किडलेली असते, किंवा सगळे नीट पार पडून रुग्ण घरी परततो आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी तिसऱ्या महिन्यात संपते. ही प्रत्येक गोष्ट आधी कळण्यासारखी असते, आणि तरीही त्याच चुका दरवर्षी होतात, कारण सगळे जण तारखेच्या मागे धावतात आणि तयारी तारखेनंतर सुरू करतात. खालचा क्रम नेमका उलटा आहे.

हा लेख आशा, परिचारिका, आश्रमशाळेचे अधीक्षक, रुग्णाबरोबर शहरात जाणारे कार्यकर्ते आणि घरातला लिहितावाचता माणूस यांच्यासाठी आहे. आपल्याकडे दोन प्रकारचे रुग्ण प्रामुख्याने दिसतात. पहिला प्रकार जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांचा. दुसरा, लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांचा आणि तरुणांचा. दोघांची वाट बरीचशी सारखी आहे. जिथे वेगळी होते तिथे तसे सांगितले आहे. औषधाची मात्रा मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची, हे प्रत्येक टप्प्यावर गृहीत धरावे.

टप्पा १: आजाराचे नाव आणि हातात असलेला वेळ

दूध ओढताना बाळ सारखे थांबते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो, ओठ आणि नखे निळसर दिसतात, पळता पळता मूल मध्येच उकिडवे बसते. यांपैकी काहीही दिसल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची पुढची फेरी येईपर्यंत थांबू नये. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दोन फेऱ्यांमधला काळ लहान बाळासाठी फार मोठा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र असते, त्यावर हाताचे आणि पायाचे असे दोन्ही आकडे पाहावेत. ९५ टक्क्यांखालचा आकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

पुढची पायरी म्हणजे टूडी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली हृदयाची तपासणी. जिल्हा रुग्णालयात बालकांसाठी इको तपासणीची शिबिरे होतात, त्यांची तारीख जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून कळते. अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरे अहवालाच्या मागे लिहून घ्यावीत: दोष कोणता आहे, शस्त्रक्रिया लागेल की मांडीच्या शिरेतून नळी घालून काम होईल, आणि किती दिवसांच्या आत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे. ‘हृदयाला भोक आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. खालच्या कप्प्यांमधील पडद्याचे लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते आणि त्यासाठी नुसती नियमित तपासणी पुरते. तेच छिद्र मोठे असेल, तर साधारणपणे पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया करावी लागते. वरच्या कप्प्यांमधील छिद्राला बहुधा दोन ते चार वर्षांपर्यंत सवड असते. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या नवजात बाळाला मात्र जेमतेम काही आठवडे मिळतात, आणि अशा बाळासाठी या लेखातील टप्पे क्रमाने पाळत बसू नये. त्याला थेट हलवावे, कागद मागून येतील.

*इशारा:* ‘मूल थोडे मोठे होऊ द्या, अंगात बळ येऊ द्या’ हा सल्ला मोठ्या छिद्राच्या बाबतीत घातक आहे. फुप्फुसांकडे जादा रक्त जात राहिल्याने तिथल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब कायमचा वाढतो, आणि एका मर्यादेपुढे छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते. मुलाचे वजन वाढत नाही ते या छिद्रामुळेच. त्यामुळे वजन वाढण्याची वाट पाहणे म्हणजे आजारालाच आजार बरा करायला सांगणे.

टप्पा २: घरच्यांशी, त्यांच्या भाषेत

संमतीपत्रावर अंगठा घेणे आणि संमती घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरकू, माडिया, पावरी किंवा वारली बोलणाऱ्या आईला शहरातले डॉक्टर मराठीत किंवा हिंदीत समजावतात, ती मान हलवते, आणि सगळे समजतात की तिला कळले. म्हणून हे बोलणे शहरात जाण्यापूर्वी, तिच्याच अंगणात, तिची भाषा बोलणाऱ्या माणसाने करावे. छातीवर वरपासून खालपर्यंत चीर असेल, काही दिवस तोंडात आणि छातीत नळ्या असतील, मूल बोलू किंवा रडू शकणार नाही, त्या काळात आईला आत थांबता येणार नाही, आणि जिवाला धोकाही असतो, हे सगळे आधीच सांगावे. नंतर तिलाच विचारावे, ‘आता सासूला तुम्ही काय सांगाल?’ ती जे सांगेल, त्यावरून तिला काय कळले ते समजते.

निर्णय कोण घेतो, हेही पाहून ठेवावे. अनेक घरांत तो आजोबांचा किंवा मोठ्या काकांचा असतो, आणि त्यांना वगळून आईला गाडीत बसवले तर गाडी अर्ध्या वाटेतून परत बोलावली जाते. भूमका, भगत, बडवा किंवा पुजारी या गावच्या पारंपरिक उपचार करणाऱ्यांनाही टाळू नये. निघण्याआधी त्यांच्याकडून नारळ-कोंबड्याचा विधी करून घ्यायचा असेल तर तो करून घ्यावा. मात्र पोटावर किंवा छातीवर डागणे आणि अंगावर चिरा देणे होऊ नये, एवढे त्यांना स्पष्ट आणि आदराने सांगावे. मेळघाटात ज्याला डंबा म्हणतात, त्या डागाची ताजी जखम असलेल्या बाळावर जंतुसंसर्गाच्या भीतीने कोणीही शस्त्रक्रिया करणार नाही. माझा अनुभव असा की भूमकाला विश्वासात घेतले, तर तोच पुढे घरच्यांना तपासणीची आठवण करून देतो.

*तपासून पाहा:* वडील ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेले असतील, तर त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले का? अठरा वर्षांखालील मुलासाठी आईची संमती पुरते. पण वडिलांना शेजाऱ्याकडून बातमी कळली तर बिनसते.

टप्पा ३: कागदपत्रे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांच्या एकत्रित व्यवस्थेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि हृदयाच्या बहुतेक शस्त्रक्रिया त्यात बसतात. अडते ते नावावर. बाळाचा जन्म घरी झालेला, जन्मदाखला नाही, म्हणून आधार नाही, म्हणून शिधापत्रिकेत नाव नाही, अशी साखळी असते, आणि ती ज्या क्रमाने अडते त्याच क्रमाने सोडवावी लागते: आधी ग्रामपंचायतीतून जन्मनोंद, मग बाल आधार, मग तहसील कार्यालयातून शिधापत्रिकेत नाव. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे एका कागदावर घरचे नाव आणि दुसऱ्यावर शाळेतले. किंवा आडनावाच्या जागी एकीकडे कुळाचे नाव आणि दुसरीकडे वडिलांचे. ही तफावत दिसताच तलाठी किंवा ग्रामसेवकाकडून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा दाखला घेऊन ठेवावा.

एक पिशवी करावी: शिधापत्रिका, आधार, जन्मदाखला, जातीचा दाखला असल्यास तो, इको अहवाल, सिकलसेल कार्ड, लसीकरणाचे कार्ड, आधीच्या सर्व चिठ्ठ्या. मूळ प्रती प्लॅस्टिकमध्ये, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स वेगळ्या, आणि सर्वांचे फोटो आशाच्या मोबाईलमध्ये. पावसात ओढा ओलांडताना एकदा अशी पिशवी भिजलेली मी पाहिली आहे. त्यातला इको अहवाल नंतर वाचताही आला नाही.

निघण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करून, निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का आणि तिथे लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया होते का, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात ती होत नाही. रुग्णालयात पोचल्यावर सर्वप्रथम आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटावे आणि योजनेची पूर्वमंजुरी येईपर्यंत कोणत्याही काउंटरवर पैसे भरू नयेत. योजनेच्या बाहेर, श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात, म्हणजे नवे रायपूर आणि खारघर येथे, बालकांची हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होते. गडचिरोलीच्या पूर्वेकडील तालुक्यांतील कुटुंबांनी रायपूरचा पर्याय जरूर विचारात घ्यावा.

टप्पा ४: गावात आणि तालुक्यात उरकायच्या तपासण्या

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो, आणि रुग्ण शहरातून परत पाठवला जातो तो बहुतेक याच कारणाने.

*सिकलसेल.* आपल्या भागातील कोणत्याही आदिवासी रुग्णाला या तपासणीशिवाय हृदयशस्त्रक्रियेला पाठवू नये. उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवतात आणि शरीर बहुधा थंड केले जाते. थंडी, ऑक्सिजनची कमतरता आणि रक्तातली आम्लता या तिन्हींमुळे सिकलसेलच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. आधी माहीत असेल, तर भूलतज्ज्ञ शरीर फारसे थंड न करण्याची आणि गरज पडल्यास आधी रक्त बदलण्याची तयारी ठेवतात. वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत दिसणाऱ्या रुग्णाबाबतही हे सांगणे आवश्यक आहे. ‘त्याला काही त्रास नाही’ म्हणून कार्ड घरी ठेवून येणारे नातेवाईक अनेकदा भेटतात.

*इशारा:* सहा महिन्यांखालील बाळाची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची साधी प्राथमिक चाचणी) फसवी असते, कारण त्याच्या रक्तात जन्माच्या वेळचे हिमोग्लोबिन अजून भरपूर असते. त्याची हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीच करावी. आणि नमुना रक्त चढवण्यापूर्वी घ्यावा. रक्त चढवल्यावर घेतलेल्या नमुन्यात रक्तदात्याचेही रक्त मिसळलेले असते.

*दात.* तोंडातले जंतू रक्तात उतरून झडपेवर किंवा छिद्र बुजवायला लावलेल्या नव्या ठिगळावर बसले, तर होणारा संसर्ग जीव घेऊ शकतो. त्यामुळे किडलेला दात शस्त्रक्रियेपूर्वी भरून किंवा काढून घ्यावा लागतो, आणि काढल्यास हिरडी भरून येण्यासाठी अवधी हवा. उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य असतो. त्याला हृदयाचा आजार आधी सांगावा, म्हणजे तो प्रतिजैविकाबाबत विचारून घेईल. तरुणांमध्ये तंबाखू आणि खर्रा याच वेळी सोडवावा.

*त्वचा आणि डोके.* खरूज, गळवे, पायाच्या भेगांतली पुवाची जखम, उवा. खरजेवर संपूर्ण घराने एकाच वेळी औषध लावावे, नाहीतर आठ दिवसांत ती परत येते. ही बाब क्षुल्लक वाटते, पण भरतीच्या दिवशी परिचारिका सर्वांत आधी त्वचाच पाहते.

*ताप, खोकला, हिवताप.* सर्दी-खोकला झाल्यास शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे जाते, कारण यंत्रावरून उतरल्यानंतर अशी फुप्फुसे नीट काम करत नाहीत. हे लपवू नये. गडचिरोलीतील रुग्णाची निघण्याच्या आठवड्यात हिवतापाची तपासणी करावी, ताप नसला तरी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयरोगाची तपासणी आधी.

*रक्त आणि वजन.* हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आणि जंतनाशक वेळेत सुरू करावे. निळ्या पडणाऱ्या मुलाबाबत मात्र सावध राहावे: त्याचे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असायला हवे, त्यामुळे इतरांसाठी ‘उत्तम’ असलेला आकडा त्याच्यासाठी लोहाची कमतरता दाखवणारा असू शकतो. त्याचा अहवाल हृदयरोगतज्ज्ञांनाच दाखवावा.

*तपासून पाहा:* घरी चालू असलेली सगळी औषधे, बाजारातल्या बोगस डॉक्टराच्या सुया, झाडपाल्याचा काढा, हे सर्व एका कागदावर लिहिले का? काही जडीबुटींनी रक्तस्राव वाढतो. डॉक्टर रागावतील या भीतीने हे लपवले जाते, म्हणून रुग्णाबरोबर जाणाऱ्यानेच ते शांतपणे सांगावे.

टप्पा ५: झडपेचा निर्णय

संधिवाती तापाने झडप खराब झालेल्या रुग्णांनीच हा टप्पा वाचावा. पण नीट वाचावा, कारण पुढची वीस वर्षे यावर अवलंबून आहेत.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली (मायट्रल) झडप आकसली असेल, ती अजून लवचीक असेल, गळती फार नसेल आणि हृदयात गुठळी नसेल, तर फुग्याने ती रुंद करता येते आणि छाती उघडावी लागत नाही. ते शक्य नसेल, तर झडपेची दुरुस्ती होईल का, असे विचारावे. बदलावीच लागली, तर दोन पर्याय उरतात. धातूची झडप टिकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर, एकही दिवस न चुकता घ्यावी लागते, आणि रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी सतत करत राहावी लागते. प्राण्याच्या पेशीजालाची झडप घेतली तर ही गोळी बहुधा सुरुवातीचे काही महिनेच लागते, पण ती झडप झिजते, तरुणांत लवकर झिजते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

शहरातला शल्यविशारद तरुण रुग्णाला सहसा धातूची झडप सुचवतो, आणि शहरातल्या रुग्णासाठी ते बरोबरही असते. तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावरील बाईसाठी ते बरोबर आहे का, हे त्याला सांगितल्याशिवाय कळणार कसे? म्हणून त्याच्या समोर पुढील माहिती लिहून ठेवावी: आयएनआर तपासणी होणारी सर्वांत जवळची जागा कोणती, तिथे जायला किती तास आणि किती रुपये लागतात, पावसाळ्यात किती दिवस रस्ता बंद असतो, कुटुंब वर्षातले किती महिने स्थलांतरात असते, रुग्ण दारू पितो का, आणि रुग्ण स्त्री असल्यास तिला पुढे मूल हवे आहे का. शेवटचा प्रश्न संकोचामुळे कोणी विचारत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या या वॉरफरिन गटातील गोळ्यांमुळे गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गंभीर व्यंग येऊ शकते, आणि गोळी अचानक बंद केली तर आईची झडप तुंबते. लग्न ठरलेल्या किंवा नुकतेच लग्न झालेल्या मुलीबाबत हा प्रश्न तिला स्वतःला, एकटीला, स्त्री कार्यकर्तीने विचारावा.

*इशारा:* रक्त पातळ ठेवणाऱ्या ‘नव्या, तपासणी न लागणाऱ्या’ गोळ्या धातूच्या झडपेसाठी चालत नाहीत. कोणी तशा बदलून दिल्या, तर झडपेचे रुग्णालय विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

टप्पा ६: तारीख, सोबत, प्रवास

आता तारीख घ्यावी. तातडीची शस्त्रक्रिया हंगाम पाहत नाही. पण ज्यांना सवड आहे, त्यांनी शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे मोकळ्या रस्त्याच्या दिवसांत येतील असे पाहावे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड अनेक दिवस तुटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत टाके किंवा हृदयाभोवतीचे पाणी तपासायचे असेल तर काय करणार? मार्च-एप्रिलचा मोह, मेमधला तेंदूपत्ता, होळी आणि ऊसतोडीची उचल यांचाही विचार करावा. त्या दिवसांत घरातले काम बुडणे म्हणजे वर्षाची कमाई बुडणे, आणि त्या ताणाखाली लोक डॉक्टरांच्या आधी सुटी मागतात.

सोबत किमान दोन माणसे हवीत: एक मुलाजवळ राहणारी, दुसरा कागद आणि औषधे यांच्यामागे फिरणारा. दोघांपैकी एकाला मराठी किंवा हिंदी चांगली यावी. अंगावर पिणारे दुसरे बाळ घरी असेल, तर त्याची व्यवस्था आधी सांगून ठेवावी. दोन दिवसांनी दुधाने छाती भरून आलेली आई गावाकडे निघून जाते आणि आपण तिलाच दोष देतो. नातेवाइकांकडून रक्तदानाची अपेक्षा असल्यास लक्षात ठेवावे की दात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो लागते. घरात सिकलसेल असेल, तर रक्तपेढीला ते आधीच सांगावे.

टप्पा ७: रुग्णालयातील दिवस

येथील बहुतेक गोष्टी रुग्णालय पाहते. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात.

पहिली म्हणजे उपाशी ठेवणे. भुलेपूर्वी जेवण आणि वरचे दूध सुमारे सहा तास, आईचे दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी बंद होते. नेमकी वेळ परिचारिका सांगेल. एकदा सकाळी साडेसहाला, मुलाला आत न्यायच्या तासभर आधी, आजीने त्याला चहात बुडवून बिस्किट भरवले. तिच्या लेखी उपाशी पोटी कोणी घराबाहेरही पडत नाही, मग छाती कापायला कसे जाणार? तिला कोणी विचारले तेव्हा तिने ते लपवलेही नाही, म्हणून मूल वाचले. शस्त्रक्रिया मात्र अकरा दिवस पुढे गेली. सूचना आईला दिली होती. रात्री मुलाजवळ आजी होती. म्हणून जो रात्री जवळ असेल त्यालाच सांगावे, आणि पिशवीतले खाऊचे पुडे दुसऱ्याकडे द्यावेत.

दुसरी म्हणजे अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरचे दिवस. मूल दिसत नाही, कोणी बोलत नाही, आणि ‘आतून अवयव काढून घेतात’ ही अफवा बाकड्यावर बसल्या बसल्या पसरते. दिवसातून एकदा डॉक्टरांनी आईला मूल दाखवावे आणि दोन वाक्ये सांगावीत, अशी विनंती पहिल्याच दिवशी करावी. तिला मराठी कळत नसेल, तर तिची भाषा बोलणारा माणूस त्या वेळी फोनवर तयार ठेवावा.

टप्पा ८: सुटीच्या आधी, वॉर्डातच

सुटीचा कागद हातात आला की नातेवाइकांची घाई सुरू होते. त्याच वेळी अर्धा तास थांबून पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात.

औषधे किमान एक महिना पुरतील एवढी घ्यावीत आणि त्यांतली कोणती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात ते विचारावे. गोळ्या ओळखण्यासाठी प्रत्येक पाकिटाचा तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि शेजारी सूर्य किंवा चंद्र काढावा. अर्धी गोळी असेल तर अर्धे वर्तुळ. रक्त पातळ ठेवणारी एकच गोळी एक, दोन आणि चार मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळते आणि दुकानदार एकीऐवजी दुसरी देतो. त्यामुळे नुसते नाव पुरेसे नाही, ताकदही लिहावी. पुढच्या इकोची तारीख आणि कोणाला फोन करायचा तो क्रमांक सुटीच्या कागदावर ठळक लिहून घ्यावा. परतीचे एसटी भाडे योजनेच्या पॅकेजमध्ये धरलेले असते, ते आरोग्यमित्राकडे मागावे. आणि निघण्यापूर्वी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे रुग्णालयातील डॉक्टरांशी एकदा फोनवर बोलणे करून द्यावे. दोन मिनिटांच्या या फोनमुळे रात्री-अपरात्री पुढचे बरेच काही सुकर होते.

टप्पा ९: घरचे पहिले सहा आठवडे

छातीचे मधले हाड तारेने जोडलेले असते आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. बाळाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली घालून उचलावे. मोठ्या रुग्णाने हंडा, मोळी, नांगर, कुऱ्हाड यांना तीन महिने हात लावू नये. दुचाकीवरून खडीच्या रस्त्याने नेणे टाळावे. इलाज नसल्यास छातीशी उशी घट्ट धरून बसवावे. जखमेवर हळद, राख, शेण, पाला काहीही लावू नये. चूल असलेल्या खोलीत रुग्णाला झोपवू नये.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास १०८ ला फोन करावा आणि रस्ता नसेल तर झोळीने रस्त्यापर्यंत आणावे: ताप, जखमेतून पू किंवा छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे, वाढता दम, पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज, चक्कर, तोंड वाकडे होणे किंवा हात लुळा पडणे, काळी शौच. लहान मुलात खाणे सोडणे, उलट्या आणि निपचित पडणे ही हृदयाभोवती पाणी साठल्याची खूण असू शकते. हे पाणी बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच साठते, म्हणजे नेमके ‘आता सगळे ठीक आहे’ असे वाटू लागते तेव्हा.

टप्पा १०: पुढची वर्षे

*पेनिसिलिन.* झडपेची शस्त्रक्रिया झाली म्हणून संधिवाती तापाचा धोका संपत नाही. बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर २१ दिवसांनी अनेक वर्षे, कित्येकांना चाळिशीपर्यंत किंवा आयुष्यभर चालू ठेवावे लागते. २७ किलोंवरील रुग्णाला साधारणपणे १२ लाख युनिट आणि त्याखालील मुलाला ६ लाख. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, म्हणून वार बदलत नाही. याचा फायदा घ्यावा: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावी आठवडी बाजार असेल, तर प्रत्येक तिसऱ्या बाजाराला इंजेक्शन, असे ठरवले की तारखेचे गणित कोणालाच करावे लागत नाही. इंजेक्शन उपाशीपोटी देऊ नये, रुग्णाला पाणी पाजून आडवे करून द्यावे, आणि ज्याचे हृदय फार कमजोर आहे त्याला इंजेक्शन की तोंडाने गोळ्या, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर सुईची जागा बराच वेळ दाबून धरावी.

*आयएनआर.* प्रत्येक रुग्णाला त्याचा अपेक्षित आकडा कार्डावर लिहून द्यावा. गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्यावी. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. आपल्याकडच्या रुग्णांत आकडा बिघडण्याची एक खास वेळ असते, जी शहरातल्या पत्रकात लिहिलेली नसते. आषाढ-श्रावणात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला अशा रानभाज्या रोजच्या ताटात येतात. हिरव्या पाल्यातले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते, आणि उन्हाळाभर स्थिर असलेला आकडा खाली येतो. रानभाजी बंद करायला सांगू नये. गरिबाच्या ताटातली तीच पौष्टिक गोष्ट आहे. पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास, अशा दोन जादा तपासण्या ठेवाव्यात. मोहाची दारू, दुखण्याच्या गोळ्या आणि बोगस डॉक्टराची ‘गरम सुई’ यांनी आकडा बिघडतो किंवा रक्तस्राव वाढतो, हेही घरच्यांना सांगावे.

*जंतुसंसर्ग.* कृत्रिम झडप असलेल्यांनी आयुष्यभर, आणि छिद्र ठिगळाने किंवा नळीतून बसवलेल्या बटणाने बंद केलेल्यांनी किमान सहा महिने, दात काढण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेले प्रतिजैविक घ्यावे. गोंदण आणि डागणे कायमचे टाळावे. कारण नसताना आठवडाभर ताप राहिला, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचा कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना घ्यावा. एकदा औषध सुरू झाले की जंतू सापडत नाही.

*स्थलांतर.* कुटुंब ऊसतोडीला किंवा शहरात कामाला निघाले, तर निघायच्या आठवड्यात आशाने घरी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: कार्ड सामानात आहे का, पुढच्या इंजेक्शनची आणि आयएनआरची तारीख त्यावर लिहिली आहे का, आणि जिथे चालले आहेत तिथल्या सरकारी दवाखान्याचे नाव मुकादमाला विचारून घेतले आहे का. गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, अर्ध्या आईजवळ आणि अर्ध्या ट्रंकेत, कारण ट्रक उतरताना एखादी पिशवी हरवतेच.